घटनास्थळाचा नकाशा

(नभोवाणीवरून झालेलें भाषण)



लंडन येथील राष्ट्रीय दप्तरखान्यांत साडेचारशें वर्षांपूर्वींचें एक रंगीत चित्र जपून ठेवलेलें आहे. चित्रकाराचें नांव उपलब्ध नाहीं. चित्रांत एका घराच्या जागीं दगडविटांचा ढिगारा दिसतो. त्याच्या पलीकडे शहराचा कोट आणि कोटाबाहेरच्या बागेंत, एका झाडाखालीं, दोन पुरुषांचीं प्रेतें पडलेलीं दिसतात. अंगावर वस्त्र जवळजवळ नाहीं. शेजारीं एक खुर्ची, एक खंजीर आणि कांहीं कपडे आहेत. यांतील एक प्रेत स्कॉटलंडची राणी मेरी हिचा पति लॉर्ड डार्न्ली याचें व दुसरें त्याच्या नोकराचें. सन १५६७ च्या फेब्रुवारी महिन्यांत, ९ व १० या तारखांच्या मधल्या रात्रीं, एडिंबरो शहराच्या कडेला कर्क ओ' फील्ड या ठिकाणीं डार्न्ली ज्या घरांत उतरला होता तें घर बंदुकीच्या दारूनें उडवून देण्यांत आलें. परंतु प्रेतें ढिगाऱ्याखालीं सांपडलीं नाहींत, तीं बागेंत सांपडलीं. आणि त्यांच्यावर भाजल्याची खूण नव्हती. तेव्हां मरण स्फोटानें आलें नसून गळा किंवा नाकतोंड दाबल्यानें आलें असावें, असा तर्क लोक करूं लागले. हें चित्र इंग्लंडची राणी एलिझाबेथ हिचा मंत्री विल्यम सेसिल याजकडे धाडण्यांत आलें. गुन्हा घडलेल्या जागेचें चित्र कागदावर काढून तें दूरच्या अधिकाऱ्यास पाठविल्याचीं जीं फार जुनीं उदाहरणें आज पाहावयास मिळतात, त्यांपैकीं हें एक होय.

खुर्ची, खंजीर, कोटाची भिंत आणि प्रेतें यांची एकमेकांपासूनची जागा चित्रकारानें दाखविली, हें त्याचें मोठें काम. परंतु त्याच कागदावर एका कोपऱ्यांत डार्न्लीचा तान्हा मुलगा बिछान्यावर उठून बसला आहे आणि बापाच्या खुनाबद्दल देवाजवळ न्याय मागत आहे. पुढें स्कॉटलंड व इंग्लंड या दोन्ही गाद्यांवर बसलेला जेम्स राजा तो हाच. त्या रात्रीं तो आठ महिन्यांचा होता आणि त्या बागेंत तर नव्हताच. आणखी एकीकडे लोकांची गर्दी लोटली आहे व प्रेत उचलून नेलें जात आहे. दुसरीकडे नोकराचें दफन चाललें आहे. म्हणजे मध्यरात्र, पहाट आणि पुढचे दिवस एकाच कागदावर शेजारीं शेजारीं नांदत आहेत. यांतलें चित्रकारानें स्वतःच्या डोळ्यांनीं काय पाहिलें, लोकांकडून काय ऐकलें आणि सेसिलच्या मनांत काय भरवावें म्हणून काय घातलें, हें आज कोणासही निवडून काढतां येणार नाहीं. मला आज जी हकीकत सांगावयाची आहे ती या निवडण्याचीच आहे. डोळ्यांनीं दिसलेलें आणि फितीनें मोजलेलें एका बाजूस, व कानांनीं ऐकलेलें दुसऱ्या बाजूस, असें करण्यास पोलिसांना, वकिलांना आणि न्यायासनांना फार खटपट करावी लागली. आणि ती पुरती संपली आहे असें आजही म्हणवत नाहीं.

आपल्या मुंबई इलाख्यांत नकाशापेक्षां पंचनाम्याची संवय जुनी. सन १८६७ च्या ग्रामपोलिसांच्या कायद्यानें गांवांत कोणी अपमृत्यूनें मेला किंवा बेवारस प्रेत सांपडलें, तर गांवांतील दोन किंवा अधिक समंजस माणसें जमवून चौकशी करण्याचें काम पोलीस पाटलावर टाकलें होतें. तो कायदा १९६७ सालीं नव्या कायद्यानें मागें टाकला. पण पंच आणि पंचनामा हे शब्द आपल्या रोजच्या बोलण्यांतून गेले नाहींत. पंचनाम्यांत जागेची चतुःसीमा लिहितात: पूर्वेस अमक्याचें घर, पश्चिमेस बोळ, दक्षिणेस सार्वजनिक विहीर, उत्तरेस रस्ता. जमिनीच्या खरेदीखतांत आपले वाडवडील अशीच चतुःसीमा लिहीत आले. हा एक शब्दांचा नकाशाच आहे, आणि जमिनीपुरता तो चांगला चालतो. खुनाच्या जागेस मात्र तो अपुरा पडतो. "प्रेत दाराजवळ होतें" असें वाक्य पंचनाम्यांत आलें, म्हणजे 'जवळ' या शब्दाचा अर्थ काय करावयाचा? उंबऱ्याला लागून, हातभर अंतरावर, कीं चार पावलांवर? दार उघडतांना तें प्रेतास अडलें असतें कीं नाहीं, हें या एका शब्दावर अवलंबून असतें. आणि दार बाहेरून ओढून घेऊन कोणी गेलें कीं आंतूनच कडी लागली होती, हा सगळा खटला कधीं कधीं त्या कडीवर लोंबकळत असतो.

शाळेंत भूगोल शिकवितांना आम्ही मुलांना प्रथम वर्गाचा आराखडा काढावयास सांगत असूं. पट्टी न देतां, नुसत्या नजरेनें काढा म्हटलें, म्हणजे प्रत्येक मुलाच्या कागदावर मास्तरांचें टेबल वर्गाच्या तिसऱ्या हिश्शाएवढें होई आणि मागचीं बांकें काडेपेटीएवढीं! मनांत ज्या वस्तूचा दरारा मोठा, ती कागदावर मोठी होते. हा दोष केवळ मुलांचा नाहीं. ज्या अंमलदाराचा एखाद्या शेजाऱ्यावर संशय बसला आहे, त्याच्या हातून त्या शेजाऱ्याचें दार घटनास्थळाच्या किंचित् अधिक जवळ काढलें जातें, आणि तें त्याला स्वतःलाही कळत नाहीं. म्हणून फीत आणि प्रमाण.

एका मोजलेल्या नकाशाची गोष्ट आतां सांगतों. सन १८८८ च्या ३० सप्टेंबरच्या पहाटे लंडनमध्यें एका तासाच्या आंत दोन स्त्रियांचीं प्रेतें सांपडलीं. पहिलें एक वाजतां बर्नर स्ट्रीट येथें, आणि दुसरें, कॅथरिन एडोज हिचें, पाऊण तासानें माय्टर स्क्वेअर या चौकांत. हे खून 'जॅक द रिपर' या टोपणनांवाखालीं जगभर गाजले. दुसऱ्या जागेचें रेखाटन व नकाशे तयार केले ते फ्रेडरिक विल्यम फॉस्टर यानें. हा पोलीस नव्हता, धंद्यानें वास्तुशिल्पज्ञ व मोजणीदार होता. प्रेताची चौकांतील जागा, हातपाय कसे पडले होते, भोंवतालच्या इमारती आणि चौकांत शिरण्याच्या वाटा त्यानें काढल्या. शिवाय आसपासच्या वस्तीचा एक मोठा नकाशाही केला. ४ ऑक्टोबर रोजीं कॉरोनरपुढें चौकशी सुरू झाली तेव्हां त्यानें हे नकाशे पुढें ठेवून शपथेवर सांगितलें, कीं बर्नर स्ट्रीटपासून माय्टर स्ट्रीटपर्यंतचें अंतर पाऊण मैल आहे आणि चालत जाणाऱ्या मनुष्यास तें बारा मिनिटांत तोडतां येतें.

या एका वाक्याचें वजन किती आहे पाहा. एकाच रात्रीं दोन खून झाले. ते एकाच हातचे असूं शकतील काय, हा प्रश्न साऱ्या शहरापुढें होता. त्यास फॉस्टरनें 'होय' असें उत्तर दिलें नाहीं, 'नाहीं' असेंही दिलें नाहीं. "पाऊण मैल, बारा मिनिटें" एवढेंच सांगितलें आणि पुढचा विचार ज्यांचा त्यांच्यावर सोंपविला. खुनी सांपडला नाहीं. फॉस्टरचीं मूळ रेखाटनें मात्र पुढें लंडन हॉस्पिटलच्या संग्रहांत निघालीं व १९६६ सालीं न्यायवैद्यकाचे प्राध्यापक फ्रान्सिस कॅम्प्स यांनीं तीं प्रसिद्ध केलीं. ज्या खुनांवर शेंकडों पुस्तकें आणि हजारों तर्क लिहिले गेले, त्यांच्या बाबतींत हीं थोडीं मोजलेलीं पानें आजही पुन्हां पुन्हां उघडावीं लागतात.

मोजणीदार आपल्या बाजूनें बोलावला म्हणजे तो आपल्याच बाजूनें बोलेल, असें मात्र समजूं नये. अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील फॉल रिव्हर या गांवीं १८९२ च्या ४ ऑगस्ट रोजीं अँड्र्यू बोर्डेन नांवाचा श्रीमंत गृहस्थ व त्याची दुसरी बायको यांचा त्यांच्याच घरांत दिवसाढवळ्या कुऱ्हाडीसारख्या हत्यारानें खून झाला. बायकोचें प्रेत माडीवरच्या पाहुण्यांच्या खोलींत, पलंगापलीकडे पडलें होतें, नवऱ्याचें तळमजल्यावर. आरोप आला तो धाकटी मुलगी लिझी हिच्यावर. पुढच्या वर्षीं जून महिन्यांत खटला उभा राहिला. फिर्यादी पक्षाचें एक म्हणणें असें होतें, कीं सावत्र आईचें प्रेत माडीवर पडलें असतां लिझी त्याच जिन्याच्या बाजूला वावरत होती. खोलीचें दार उघडें होतें. तेव्हां तिला तें दिसलेंच असलें पाहिजे, आणि दिसूनही ती गप्प राहिली. घराचे नकाशे करण्यासाठीं टॉमस किरन या इंजिनियरास सरकारनें नेमलें होतें, व साक्षीस प्रथम त्यालाच उभें केलें. त्यानें घरांतील मापें सांगितलीं. मग बचावाच्या वकिलांनीं उलटतपासणींत विचारलें, तेव्हां त्यानें आणखी एक गोष्ट सांगितली. आपल्या मदतनिसास त्यानें प्रेताच्या जागीं जमिनीवर निजविलें होतें आणि स्वतः जिन्यावरून चालून पाहिलें होतें. नेहमींच्या चालीनें उतरतांना निजलेला मनुष्य त्यास फक्त एका पायरीवरून दिसला; आणि तोही, मनुष्य तेथें आहे हें ठाऊक असून नजर मुद्दाम तिकडे लाविली म्हणून! फिर्यादीस ही साक्ष किती झोंबली असेल याची कल्पना आपण करूं शकतां. २० जून १८९३ रोजीं पंचांनीं लिझीस निर्दोष ठरविलें. ती केवळ या पायरीमुळें सुटली असें कोणी म्हणणार नाहीं. पुराव्यांत इतरही खिंडारें होतीं. पण "दिसलेंच असलें पाहिजे" हें वाक्य दिवाणखान्यांत बसून बोलणें सोपें असतें, आणि पायरी मोजून बोलणें वेगळें असतें.

हे दोघेही बाहेरून बोलावलेले जाणकार. तपास करणाऱ्या अंमलदारानें स्वतःच पेन्सिल हातीं धरली पाहिजे, हा आग्रह ज्यानें शास्त्राच्या पायरीवर नेला तो ऑस्ट्रियांतील ग्राट्झचा हान्स ग्रोस. हा पेशानें तपासाधिकारी न्यायाधीश. आपल्या पदावर काम करीत असतां त्याला असें दिसून आलें, कीं त्याच्याबरोबरचे लोक कायद्यांत पंडित आहेत, पण पायाचा ठसा उचलावा कसा, रक्ताचा डाग जपावा कसा आणि खोलीचा आराखडा काढावा कसा, हें कोणींच त्यांना शिकविलेलें नाहीं. १८९३ सालीं त्यानें तपासाधिकाऱ्यांसाठीं आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचें इंग्रजी रूप प्रथम कोठें छापलें गेलें? लंडनांत नव्हे, न्यूयॉर्कांत नव्हे. आपल्या मद्रासेस, १९०६ सालीं. तेथील सरकारी वकील जॉन अॅडम आणि जे. कॉलियर अॅडम यांनीं हिंदुस्थानांतील व वसाहतींतील मॅजिस्ट्रेट, पोलीस अंमलदार व वकील डोळ्यांसमोर ठेवून तें तयार केलें आणि इकडच्या चालीरीतींची भर त्यांत घातली. या ग्रंथांत चित्र काढणें व त्यासारख्या इतर कला यांसाठीं एक स्वतंत्र प्रकरण दिलेलें आहे. चित्रकलेंत गति नसली तरी चालेल, पण आराखडा येत नाहीं ही सबब चालणार नाहीं, असा एकंदर रोंख. ड्रॉइंगच्या तासाला कंटाळणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांपैकीं पुढें पोलिसांत गेलेल्या मंडळींस हें कोणीतरी वेळींच वाचून दाखवावयास हवें होतें.

आराखडा काढतात कसा, हें थोडक्यांत सांगतों, कारण त्यांत गूढ कांहीं नाहीं. खोली असेल तर काम सोपें. प्रत्येक वस्तूचें एकमेकींस काटकोनांत असलेल्या दोन भिंतींपासूनचें अंतर मोजलें, कीं तिची जागा पक्की झाली. उघड्या माळावर भिंती नसतात. तेथें हलणार नाहींत अशा दोन खुणा धरावयाच्या: विहिरीचा कांठ आणि जुन्या चिंचेचें खोड, किंवा मैलाचा दगड आणि देवळाची पायरी. या दोहोंमधलें अंतर मोजून घ्यावयाचें, आणि मग प्रत्येक वस्तूपासून या दोहोंपर्यंतचीं अंतरें. तीन बाजू कळल्या, कीं त्रिकोण एकच होतो. शाळेंतली भूमिति येथें कामास येते. खुणेसाठीं बैलगाडी, बाज किंवा उभी मोटार घेऊं नये हें सांगावयास नको, तरी घेतलेली आढळते. वळणावळणाच्या ओढ्याकांठीं एक सरळ दोरी ताणून तिच्यापासून डावीकडे उजवीकडे मापें घेतात. आणि भिंतीवर, छतावर गोळीचीं भोकें किंवा रक्ताचे शिंतोडे असतील, तर भिंती बाहेरच्या बाजूस उलगडून काढावयाच्या. मिठाईचा पुठ्ठ्याचा डबा चारी बाजूंनीं उलगडून ताटासारखा सपाट करावा, तसें तें चित्र दिसतें. या रीतीशीं हंगेरींतील न्यायवैद्य केन्येरेस यांचें नांव जोडलेलें आहे. जमिनीवरचा डाग आणि भिंतीवरचें भोंक यांमधली रेषा अशा चित्रांत पटकन् नजरेस भरते.

मापें घेतांना फितीचीं दोन टोकें दोन माणसांनीं धरावयाचीं, आंकडा एकानें मोठ्यानें वाचावयाचा व दुसऱ्यानें तो पाहावयाचा. जागेवर काढलेला कच्चा कागद मळका, खाडाखोडीचा असला तरी तोच खरा ऐवज. घरीं येऊन शाईनें, प्रमाणांत, सुबक नकाशा खुशाल करावा. पण कच्चा कागद फाडूं नये आणि त्यांत मागाहून भर घालूं नये. उत्तर दिशेचा बाण, प्रमाण, तारीख, वेळ, काढणाराचें नांव आणि क, ख, ग या खुणांची यादी, एवढें त्यावर असावेंच.

आपण म्हणाल, छायाचित्र निघाल्यावर एवढी यातायात कशास? हा प्रश्न पॅरिसच्या पोलीस कचेरींत आल्फोन्स बर्टिलन यास पडला होता. शरीराच्या मापांवरून गुन्हेगार ओळखण्याची पद्धति काढणारा हा मनुष्य. त्याला माप नसलेली गोष्ट खपतच नसे. त्यानें उंच तिवईवर कॅमेरा चढवून प्रेताचीं वरून छायाचित्रें घेतलीं, आणि चित्राच्या कडेला अंतराचें प्रमाण छापून, छायाचित्रावरूनच खरीं अंतरें काढतां येतील अशी युक्ति केली. म्हणजे छायाचित्रासही शेवटीं त्याला नकाशाच बनवावें लागलें! साधें छायाचित्र पुढची खुर्ची मोठी व मागचें कपाट लहान दाखवितें; दोहोंमधलें अंतर तें सांगत नाहीं. शिवाय त्यांत सगळेंच येतें: भिंतीवरचें कॅलेंडर, दोरीवरचे कपडे, कोपऱ्यांतली केरसुणी. कामाचें कोणतें, बिनकामाचें कोणतें, हें तें निवडीत नाहीं. नकाशा निवडतो. हाच त्याचा गुण आणि, कर्क ओ' फील्डच्या चित्रांत पाहिलें त्याप्रमाणें, हाच त्याचा धोका.

नकाशाच्या पुढें एक पाऊल टाकलें अमेरिकेंतल्या फ्रान्सिस ग्लेसनर ली या बाईंनीं. बाई श्रीमंत घराण्यांतल्या. तरुणपणीं शिक्षणाची हौस पुरी झाली नव्हती. हार्वर्ड विद्यापीठांत न्यायवैद्यकाचा विभाग उभा राहिला तो त्यांच्या देणगीनें. १९४० नंतरच्या वर्षांत त्यांनीं गुन्ह्याच्या जागांचीं बाहुलीच्या घराएवढीं हुबेहूब घरें बनविलीं, एका फुटास एक इंच या प्रमाणांत. त्यांतले दिवे लागत, आणि बाहुल्यांचे कपडेदेखील बाई स्वतः विणीत. पोलीस अंमलदारांस या घरांपुढें उभें करून, दिसतें काय तें सांगा, असें विचारीत. त्यांतलीं बरींचशीं घरें बाल्टिमोर येथें आजही शिकविण्याच्या कामीं येतात.

आतां आपल्या न्यायासनांकडे येऊं, कारण दिसलेलें आणि ऐकलेलें यांचा निवाडा त्यांनीं फार स्पष्ट शब्दांत केला आहे. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यांत सरकारी हुकुमानें झालेले नकाशे बरोबर आहेत असें न्यायालयानें धरून चालावें अशी सवलत होती. पण त्याच कलमांत, एखाद्या खटल्याच्या कामासाठीं मुद्दाम तयार केलेला नकाशा अचूक आहे हें सिद्ध करून दाखविलें पाहिजे, अशी अट घातली होती. जो नकाशा भांडणाच्या पोटीं जन्मतो त्याच्यावर आंधळा विश्वास ठेवूं नये, हें कायदा करणारांनीं तेव्हांच ओळखलें.

दुसरी गोष्ट याहून बारीक. फौजदार घटनास्थळीं जातो. जमिनीवर रक्ताचा डाग आहे. तो त्यास दिसतो, मोजतां येतो. त्यानें तेथें 'क' लिहिलें. मग साक्षीदार बोट दाखवून म्हणतो, "साहेब, बंदूकवाला तेथें, बाभळीपाशीं उभा होता." फौजदार बाभळीपाशीं 'ख' लिहितो. कागदावर 'क' आणि 'ख' हीं अक्षरें सारख्याच शाईचीं व सारख्याच आकाराचीं आहेत. परंतु 'क' हें फौजदाराच्या डोळ्यांचें ज्ञान, आणि 'ख' हें साक्षीदाराचें पोलिसापुढचें बोलणें आहे. फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या १६२ व्या कलमानें पोलिसांपुढें तपासांत केलेलें असें बोलणें, साक्षीदारास खोटें पाडण्यापलीकडे, पुराव्यांत वापरतां येत नसे. मग तें बोलणें नकाशाच्या वेषांत आंत येऊं द्यावें काय? तोरीसिंग विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या, १९६२ च्या निकालसंग्रहांत छापल्या गेलेल्या खटल्यांत, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढें आला. मौज अशी, कीं तेथें नकाशाचा आधार आरोपीच्या वकिलानेंच घेतला होता. नकाशांत मयताची जागा जेथें दाखविली आहे तेथें तो असता, तर गोळी लागली त्या अंगास लागणें फार असंभाव्य होतें, असा त्याचा युक्तिवाद. न्यायालयानें म्हटलें, कीं अंमलदारानें जागेवर स्वतः जें पाहिलें तेवढें नकाशांत पुरावा म्हणून चालेल. मयतास कोठें गोळी लागली ही खूण त्यानें इतरांच्या सांगण्यावरून केली आहे, सबब ती ग्राह्य नाहीं. म्हणजे तो दंडक आरोपीच्या विरुद्ध पडला. पण तोच दंडक दुसऱ्या शंभर खटल्यांत आरोपीचें रक्षण करतो. तेव्हांपासून जाणते अंमलदार आपण पाहिलेल्या खुणा आणि दुसऱ्यांनीं दाखविलेल्या खुणा निराळ्या यादींत लिहितात. आणि ज्यानें जागा दाखविली त्या साक्षीदारानें न्यायालयांत स्वतः येऊन "मीं ही जागा दाखविली" असें शपथेवर सांगावें लागतें.

१ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रियेचा जुना कायदा जाऊन भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आहे. सात वर्षें किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैज्ञानिक तज्ज्ञानें घटनास्थळीं जाऊन पुरावा गोळा करावा व त्या कामाचें चित्रण व्हावें असें तींत लिहिलें आहे. राज्यांस ती व्यवस्था उभारण्यास पांच वर्षांपर्यंत अवधि दिला आहे. परदेशांत आणि आपल्याकडेही प्रकाशकिरणांनीं सबंध खोली क्षणांत मोजणारीं यंत्रें आलीं. चांगली गोष्ट आहे. पण यंत्रानें मोजलेल्या खोलींत 'ख' हें अक्षर कोणाच्या सांगण्यावरून बसविलें, हा प्रश्न यंत्र सोडवीत नाहीं.

शेवटीं घरचीच एक गोष्ट सांगतों. पुष्कळ वर्षांमागें आमच्या आळींतल्या एका वाड्यांत घरफोडी झाली. पंच म्हणून मला व कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदारास बोलावलें. फौजदार तरुण, उमेदीचे होते. त्यांनीं पंचनामा सांगितला, हवालदारानें लिहिला. वांकविलेल्या गजाच्या खिडकीपासून कपाटापर्यंतचें अंतर मोजतांना फितीचें एक टोंक मींच धरलें होतें. मग त्यांनीं एका कोऱ्या कागदावर आराखडा काढला. तो इतका नेटका होता, कीं "वा! आमच्या वर्गांत असतां तर पैकीच्या पैकी दिले असते," असें मी बोलून गेलों आणि खालीं सही केली.

खटला चालला तो चार वर्षांनीं. तोंवर तो वाडा पाडून त्या जागीं तीन मजली इमारत उभी राहिली होती. पाहावयास जागाच उरली नव्हती. मी पिंजऱ्यांत उभा राहिलों. साक्षीदार बाईंनीं, चोरास आपण समोरच्या गच्चीवरून त्या खिडकींतून उतरतांना पाहिलें, असें सांगितलें होतें. आणि समोरची गच्ची वाड्याच्या पूर्वेस. आरोपीच्या वकिलांनीं तो आराखडा माझ्या हातीं दिला व नम्रपणें विचारलें, "गुरुजी, आपण भूगोल शिकवतां ना? या कागदावर ही खिडकी कोणत्या दिशेला आहे, तेवढें न्यायाधीशसाहेबांना सांगा." मीं कागद पाहिला. खिडकी होती, कपाट होतें, मापें होतीं, माझी सहीही होती. उत्तरेचा बाण नव्हता. पंचनाम्यांत चतुःसीमा घराची लिहिलेली; त्या खोलीची नव्हे. "पूर्वेला असावी," मी म्हटलें. वकिलांनीं माझ्या हातांतला कागद हळूच घेऊन उलटा फिरवला आणि पुन्हां माझ्यापुढें धरला. "आणि आतां?"

आरोपी सुटला. चोर तोच होता कीं दुसरा कोणी, हें मला आजही सांगतां येणार नाहीं. त्या खिडकीची दिशाही येणार नाहीं.